पोर्तुगीजांचं राज्य इंग्रजांपेक्षा सुखाचं होतं का?

वसाहती चालवण्यात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात फरक काय, आणि गोव्यात लोक जास्त सुखी होते का, असं तुम्ही विचारलंय. दुसऱ्या प्रश्नानं माझं डोकं फिरतं, म्हणून लिहितोय.

आमचं मूळ घर उत्तर गोव्यातल्या पेडण्याचं. आजीच्या ट्रंकेत तिची लग्नपत्रिका आहे, चाळीसच्या दशकातली. वर गणपती, खाली कुलदेवतेचं नाव, मुहूर्त, आणि कोपऱ्यात सेन्सॉरचा शिक्का. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याच्या राजवटीत लग्नाचं आमंत्रणसुद्धा आधी सरकारला दाखवावं लागे. त्याच सुमारास तिच्या मावसबहिणीचं लग्न बांद्याला झालं. बांदा सावंतवाडी संस्थानात, संस्थान इंग्रजांच्या अंमलाखाली. तिथे पत्रिका छापायला कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही.

इंग्रजांनी राजांना गादीवर ठेवलं आणि नाड्या आपल्या हाती घेतल्या. मुंबई इलाख्यात १९३७ मध्ये निवडून आलेलं मंत्रिमंडळही बसलं. पोर्तुगीजांनी तर १९५१ मध्ये गोवा ही वसाहतच नाही, पोर्तुगालचा सागरापलीकडचा प्रांत आहे, असं ठरवून टाकलं. मग स्वातंत्र्य मागणारा देशद्रोहीच. त्याआधीच, १९४६ मध्ये, गोव्याच्या स्वातंत्र्यासाठी झगडणाऱ्या टी. बी. कुन्हांना लष्करी न्यायालयात उभं करून पोर्तुगालच्या तुरुंगात धाडलं होतं.

माझे मामा प्रत्येक चतुर्थीला सांगतात, 'स्वस्ताई होती, चोऱ्या नव्हत्या.' अहो, ती स्वस्ताई पन्नासच्या दशकातली, लोहखनिजाच्या पैशावरची. एवढं सुख होतं तर हजारो गोंयकार पोटासाठी मुंबईच्या कुडांमध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक खोल्यांमध्ये, दाटीवाटीनं का राहत होते?

इंग्रज दयाळू होते असं मी म्हणत नाही. टिळकांना १९०८ मध्ये शिक्षा देऊन मंडालेला धाडलं ते त्यांनीच, आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळही त्यांच्याच राज्यातला. शिवाय पेडणं अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेलं, तोवर देवळं पाडण्याचा काळ सरला होता, त्यामुळे इथली देवळं वाचली. आधीच पोर्तुगीजांकडे गेलेल्या बारदेश-साष्टी तालुक्यांची कहाणी फार वाईट आहे, ती तिथल्या माणसानं सांगावी.

तुमच्या घरी कुणी जुनं माणूस असेल तर त्याला तांदळाचा भाव विचारू नका. सरकारविरुद्ध एक ओळ तरी छापता येत होती का, ते विचारा. आणि मामांसारखं कुणी भेटलं तर पत्रादेवीचं नाव घ्या. आमच्याच तालुक्यातलं गाव. १५ ऑगस्ट १९५५ ला तिथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्या कुणी आणि कशासाठी झाडल्या, हे त्यांनाच सांगू दे.