‘विचारलं तर डॉक्टर चिडतील का?’

बीड जिल्ह्यातल्या धारूरकडच्या एक बाई सासूबाईंना घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. वय ३२, नवरा-बायको ऊसतोडीला जाणारे. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि ‘गर्भपिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं. तोडीसाठी मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले, त्यामुळे दसऱ्याआधी उरकायची घाई.

“ताई, जास्त इचारलं तर डॉक्टर चिडतील का? मग इलाजच नाही केला तर?”

हा प्रश्न मी सारखा ऐकते.

नवऱ्याची सही आणायला दवाखान्याने संमतीचा फॉर्म घरी दिला होता. कॅरीबॅगेतून काढून त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. सगळा इंग्रजीत. ऑपरेशनच्या नावाची जागा कोरी. खाली नवऱ्याची सही, बाईंच्या सहीची जागा मोकळी. सासूबाई त्या जागेकडे बघून म्हणाल्या, “माझी काढली तवा मला तर कुणी इचारलंबी नव्हतं.”

बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या कितीतरी घरांत पिशवी काढलेली बाई आहे. २०१९ साली सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली.

मी बाईंना सांगितलं, सज्ञान बाईच्या शरीराला तिचीच संमती लागते, नवऱ्याच्या सहीने ती भरून निघत नाही. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईची पिशवी आणि बीजकोश (अंडाशय) तिच्या आईला विचारून काढले, तर २००८ साली सुप्रीम कोर्टाने ती संमती मानली नाही. जीव वाचवायची तातडी असेल तरच गोष्ट वेगळी. आणि सही केली तरी भूल देईपर्यंत ‘नको’ म्हणता येतं.

मग प्रश्न पाठ करून घेतले. नेमकं काय काढणार? बीजकोश ठेवणार का? गोळ्यांनी बरं होणार नाही का? बीजकोशाचा प्रश्न मी मुद्दाम दोनदा म्हणवून घेतला. तेही गेले तर बत्तिशीतच पाळी जाण्याचे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, आणि कोयता तर चालवायचाच असतो. चिडणारे डॉक्टर असतात, हे मी लपवलं नाही. पण जो सांगत नाही त्याच्यापुढे पोट उघडायला झोपू नका, दुसऱ्याकडे जा, असंही सांगितलं.

त्या अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात गेल्या. जंतुसंसर्ग निघाला. नवरा-बायको दोघांनाही गोळ्या दिल्या, कॅन्सरची तपासणीही केली, ती चांगली आली. कारखान्यावर निघायच्या आधी भेटून गेल्या.

“चिडल्या नाहीत बघा. केसपेपरच्या मागं पिशवीचं चित्र काढून दाखवलं डॉक्टरीणबाईनं.” तो केसपेपर त्यांनी जपून ठेवला होता.