खाडीचं पाणी जिथल्या तिथं दिसतं, मग समुद्र वाढतोय हे खरं कसं मानायचं?

तुम्ही लिहिलंय की लहानपणापासून जेट्टीच्या पायऱ्या त्याच आणि भरतीचं पाणीही त्याच पायरीला लागतं, मग समुद्र वाढतोय ही थाप आहे का, आणि वाशीत तळमजल्याचा गाळा घ्यावा का.

पायरीचं हे वाक्य माझा मोठा भाऊ दर गणपतीत मला ऐकवतो, म्हणून लिहायला बसले.

थाप नाही. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर चढली. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून भरतीच्या नोंदी आहेत, तिथलाही कल वरच जाणारा. आपल्या ठाणे खाडीत उधाणाला पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं. त्यात बोटा-दोन बोटांचा फरक पायरीवर उभं राहून कुणालाही कळायचा नाही.

दादाला कळतो म्हणे. एकदा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्यानं मला जेट्टीवर नेलं, दगडाला चिकटलेल्या कालवांची, म्हणजे शिंपल्यांची, रेघ दाखवली आणि म्हणाला, "बाबांच्या वेळेला इथंच होती. आता बोल." सगळी भावकी उभी होती. मला बोलता आलं नाही, ते अजून सलतं.

उत्तर आमच्या आज्याकडं होतं. आजा घणसोलीच्या खारात, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या भातशेतीत, बांधावरची उघाडी सांभाळायचा; उघाडी म्हणजे पाणी सोडायचं झडपेचं दार. भरती लागली की खाडीचं पाणी झडप दाबून मिटवतं, ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन तो खेकड्यांची बिळं चिखलानं बुजवत फिरायचा, कारण बांधाला एक खांड पडली की पुढची दोन-तीन वर्षं भात विसरायचा. खाडी कुठवर चढली हे त्याच्या तोंडी कधीच नसायचं. घरी आला की उघाडीचं दार किती वेळ उघडं राहिलं तेवढं सांगायचा.

१९७० नंतर सिडकोनं याच खारांवर नवी मुंबई वसवली आणि वाशी-बेलापूरला धारण तलाव केले, त्यांच्या तोंडाशी झडपा. ही आज्याचीच उघाडी, फक्त मोठी. भरतीत झडपा मिटतात, पाऊस तलावात साठतो, ओहोटीला बाहेर जातो. आता हिशोब करा. खाडी वीतभर चढली तर झडप पंधराएक मिनिटं आधी मिटणार आणि तेवढीच उशिरा उघडणार, दिवसातून दोनदा. बाहेर पडायला वेळ कमी, पाऊस तेवढाच. समुद्र आपल्याकडं असा येणार, गटारातून उलटा.

दादाच्या दुकानात तीन वर्षांपूर्वी जुलैत अमावास्येला गुडघाभर पाणी शिरलं. पाऊस फार नव्हता. भरती उतरेपर्यंत पाणी हललं नाही, उतरल्यावर तासाभरात गेलं. फ्रीज गेला, पिठाची पोती गेली. तरी तो म्हणतो, गटार तुंबलं होतं.

तुंबलं होतंच, हेही सांगायला हवं. धारण तलाव गाळानं भरलेत, त्यात तिवरं उगवलीत आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय तिवरांना हात लावता येत नाही. आज साचणाऱ्या पाण्यात समुद्रापेक्षा गाळाचा आणि भरावाचा वाटा मोठा आहे. मुंबईत समुद्र चढण्याचा शतकभराचा कलही वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर आहे. जगाचा वेग मात्र २००६ ते २०१८ मध्ये वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. आणि क्लायमेट सेंट्रल या संस्थेच्या २०१९ मधल्या ज्या नकाशामुळं लोक 'मुंबई बुडणार, बुडणार' म्हणू लागले, त्यात बांध आणि झडपा धरल्याच नव्हत्या. वर्षातून एखाद्या वेळी जिथं पुराचं पाणी पोचू शकेल अशी जमीन त्यात होती, बातम्यांनी ती कायमची बुडवली. लोकांचा विश्वास उडाला तो अशा बातम्यांमुळं, आणि तो राग मला पटतो.

गाळ्याचं म्हणाल तर एजंटाबरोबर जाऊ नका. जुलैत अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, भरतीची वेळ बघून, पाऊस चालू असताना एकटे जाऊन तासभर उभे राहा. गटारातलं पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते बघा. शेजारच्या दुकानदाराला पोती किती उंचावर ठेवतो ते विचारा.

दादा, तू हे वाचणार आहेस, मला माहीत आहे. त्या अमावास्येचं भरतीचं वेळापत्रक मी जपून ठेवलंय. पाणी शिरल्याची वेळ तू आईला फोनवर सांगितली होतीस. या गणपतीत दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघू.