सामूहिक वनहक्काच्या जंगलाची राखण यशस्वी ठरली की नाही, हे कसे मोजावे?

आपण लिहिले आहे की गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे वनहक्क कायद्यानुसार आपले जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा ग्रामसभेचा अधिकार, मिळून पाच वर्षे झाली, ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी केली, पाळीपाळीने गस्त सुरू ठेवली, आणि आता निधी देणारी संस्था परिणाम दाखवा म्हणते आहे. पण हाताशी लावलेल्या रोपांचा आकडा आणि गस्तीचे रजिस्टर एवढेच आहे. विदर्भातल्या काही ग्रामसभांबरोबर मी अशी मोजणी करत आलो आहे, त्या आधारावर उत्तर देतो. रोपांचा आकडा आणि गस्तीच्या फेऱ्या ही आपण केलेल्या कामाची नोंद आहे आणि ती जपून ठेवलीच पाहिजे. मात्र त्या कामामुळे जंगलात काय बदलले, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर जंगलात जाऊनच शोधावे लागते.

त्याआधी तुलना कशाशी करायची, हे ठरवावे लागते. ‘पूर्वी असे होते, आता असे आहे’ एवढ्यावर निष्कर्ष काढला तर तो दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. पश्चिम युगांडातल्या १२१ गावांत एक प्रयोग झाला होता. त्यांपैकी यदृच्छेने निवडलेल्या ६० गावांतील जंगलमालकांना झाडे न तोडण्याबद्दल दोन वर्षे मोबदला देऊ करण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गावांतले वृक्षाच्छादन ४.२ टक्क्यांनी घटले, तर उरलेल्या गावांतले ९.१ टक्क्यांनी. केवळ पहिला आकडा पाहिला असता तर योजना फसली असेच कोणीही म्हटले असते. याच्या उलटही घडते. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे खेड्यांत गॅस पोहोचला. एखाद्या गावात सरपणाची तोड कमी झाली असेल, तर त्यातले किती श्रेय गस्तीचे आणि किती सिलिंडरचे, हे शेजारच्या गस्त नसलेल्या जंगलाकडे पाहिल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून आपल्या जंगलासारखेच एक दुसरे जंगल निवडावे. माती, चढ-उतार, झाडोऱ्याचा प्रकार, गावापासूनचे आणि डांबरी रस्त्यापासूनचे अंतर शक्य तितके सारखे असावे. जी गावे स्वतःहून राखणीला पुढे येतात त्यांच्यात मुळातच एकी जास्त असते, किंवा त्यांचे जंगल बाजारापासून दूर असते, आणि हा फरक राखणीच्या खात्यावर जमा होण्याची भीती असते. सुरुवातीची मोजणी झालेली नाही याची आपल्याला खंत वाटते, पण मार्ग बंद झालेला नाही. वन विभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापनाच्या आराखड्यात, कक्षनिहाय (जंगलाच्या क्रमांक दिलेल्या तुकड्यांनुसार) माहिती असते, ती मागून घ्यावी. जुन्या उपग्रह-प्रतिमा विनामूल्य मिळतात. आणि गुराखी, मोह वेचणाऱ्या बाया, बांबू तोडणारे यांना वेगवेगळे बसवून जंगलाचा नकाशा काढून घेतला, तर पाच वर्षांपूर्वी कोठे काय होते याचे बरेच विश्वसनीय चित्र उभे राहते. वेगवेगळे बसवण्याचे कारण असे की एकत्र बैठकीत पहिला बोलणारा जे सांगतो तेच पुढचे सगळे सांगतात.

आता प्रत्यक्ष मोजणी. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखासारख्या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगल मिळाले. एवढे क्षेत्र झाडन् झाड मोजणे कोणालाच शक्य नसते. त्यासाठी नमुना क्षेत्रे, म्हणजे मोजणीपुरते लहान चौकोनी तुकडे, आखावीत, आणि त्यांच्या जागा नकाशावर चौकटी टाकून ठरवाव्यात. पायवाटेलगतची किंवा दाखवायला चांगली वाटणारी जागा निवडू नये. चौकोनाच्या चार कोपऱ्यांना दगड पुरावेत. आतल्या मोठ्या झाडांच्या खोडावर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर रंगाचा पट्टा ओढून त्याच पट्ट्यावर दरवेळी घेर मोजावा. उतारावर ही उंची वरच्या बाजूने धरावी. टेप एकदा पट्ट्यावर आणि एकदा वीतभर खाली धरला, तर जी वाढ दिसते ती झाडाची नसून मापाची असते.

परंतु पाच वर्षांत मोठ्या झाडांचा घेर फारसे काही सांगत नाही. माझ्या मते सगळ्यात बोलकी गोष्ट जमिनीलगत असते. आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलात साग, तेंदू, ऐन यांची गुडघ्याएवढी रोपे पुष्कळ दिसतात, आणि ती पाहून नवे जंगल उगवते आहे असे वाटते. त्यांतल्या एखाद्याच्या बुडाची माती बोटांनी बाजूला केली की खाली मनगटाएवढी जाड, गाठाळलेली मुळी लागते आणि तिच्यावर जळक्या खुंटांचे वण असतात. ते रोप यंदाचे नसते. दरवर्षी आगीने वरून मरून, पावसाळ्यात मुळातून पुन्हा फुटत ते कित्येक वर्षे तेवढ्याच उंचीवर अडकलेले असते. अशा रोपाला लागोपाठ तीन-चार वर्षे आग आणि शेळीचे तोंड लागले नाही, की ते माणसाच्या उंचीवर निघून जाते. म्हणून रोपांची नुसती संख्या लिहू नये. गुडघ्याखालची, गुडघ्यापासून छातीपर्यंतची आणि छातीच्या वरची असे तीन गट करून प्रजातीनिहाय नोंद करावी, शेंडा खुडलेला आहे का हेही लिहावे, आणि ही नोंद दरवर्षी पावसाळा संपताच, एकाच पंधरवड्यात करावी. खालच्या गटातली रोपे वरच्या गटात सरकत असतील आणि तुलनेच्या जंगलात सरकत नसतील, तर आपल्या राखणीचा तो भक्कम पुरावा आहे. बांबूच्या बेटांत त्या वर्षी आलेले कोंब वेगळे मोजावेत. बांबू फुलोऱ्यावर येऊन मेला तर ती घट राखणीच्या नावावर लिहू नये.

उपग्रहाचा उपयोग जरूर करावा, पण त्याच्याकडून नको ती अपेक्षा ठेवू नये. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या अहवालात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या क्षेत्रावर किमान १० टक्के छत्राच्छादन (झाडांच्या फांद्या-पानांनी झाकलेली जमीन) असेल तर ते वनाच्छादनात धरले जाते, मग ते नैसर्गिक जंगल असो, निलगिरीचे रोपवन असो की आमराई. जिल्ह्याचा तो आकडा वाढला म्हणून आपल्या गावाचे जंगल सुधारले असे सिद्ध होत नाही. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटर तपशिलाच्या प्रतिमा गावपातळीवर कामाच्या आहेत. फक्त ऑक्टोबरची प्रतिमा ऑक्टोबरशीच ताडून पाहावी, कारण पानगळीचे जंगल मार्चमध्ये उजाडच दिसते. घाणेरीचे झुडूप माजलेला तुकडाही वरून हिरवागार दिसतो, हे तर जागेवर जाऊनच कळते.

आगीची नोंद मात्र उपग्रह आणि गाव या दोघांची मिळून घ्यावी. उपग्रहाच्या इशाऱ्यांतून मोठी आग कळते, पण मोहाखालचा पालापाचोळा जाळताना पसरलेली लहान आग बऱ्याचदा निसटते. तारीख, ठिकाण, अंदाजे किती क्षेत्र जळले आणि कारण, एवढे चार रकाने पुरेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तेंदूपाने तोडणेच थांबवले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि आगी लावल्या जातात. असा निर्णय घेतलेल्या गावात आगीचा रकाना हीच पहिली कसोटी ठरते.

दोन गोष्टी अहवालांत हमखास राहून जातात. आपल्या हद्दीतली कुऱ्हाड थांबली आणि ती शेजारच्या गावाच्या जंगलात गेली का, हे तिकडचे ताजे खुंट मोजून पाहावे. हे मोजणे अवघड वाटते, कारण त्यात आपले यश कमी होण्याचा धोका असतो. तसेच बंदीची झळ कोणाला बसली, हे विचारावे. शेळ्या विकाव्या लागलेले भूमिहीन कुटुंब आणि सरपणासाठी आता दुप्पट चालणारी बाई यांच्या नोंदीशिवाय मूल्यमापन मला अपुरे वाटते. त्यांची नाराजी साचत राहिली तर पुढे राखणच मोडते, हा व्यवहाराचा भाग झालाच, पण मुळात ते त्यांचेही जंगल आहे.

शेवटी, मोजणारा कोण? राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात वाघ उरलेलेच नाहीत हे २००४-०५ मध्ये उघड झाले, तेव्हा कागदावर मात्र वाघ होते. पाऊलखुणांवरून मोजणी करणारे आणि त्या आकड्याला जबाबदार असणारे एकच होते. त्यानंतर देशभरातील व्याघ्रगणनेची पद्धतच बदलली. आपल्याकडेही नमुना क्षेत्रांची मोजणी गावातल्या तरुणांनीच करावी, पण त्यातली काही क्षेत्रे दुसऱ्या गावाच्या किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या चमूने पुन्हा मोजावीत, आणि दोन्ही आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

निधी देणाऱ्या संस्थेला या वर्षी आगीची नोंद, खुंटांची मोजणी, जुन्या-नव्या प्रतिमांची तुलना आणि लोकांनी काढलेला नकाशा एवढेच द्यावे, आणि रोपांच्या गटांचा निष्कर्ष तीन पावसाळ्यांनंतर मिळेल असे लेखी कळवावे. घाईने वर्षभरात टक्केवारी काढून देण्याचा आग्रह झाला, तर तो नम्रपणे नाकारावा.