कारखान्याच्या बोअरमध्ये ट्रायक्लोरोइथिलीन निघालं. पंप आणि कोळशाचा फिल्टर लावला तर किती दिवसांत पाणी साफ होईल?

दिवस काय विचारता भाऊ, वर्षं विचारा.

हिंगणा एमआयडीसीत मी मेंटेनन्सला होतो. पार्ट्सवरचं ऑइल काढायला आमच्याकडे ट्रायक्लोची टाकी होती, अन् तिच्या तळचा गाळ सरळ मागच्या शोषखड्ड्यात जायचा. बोअरमध्ये सापडल्यावर पंप बसला, फिल्टर बसला. आठ महिन्यांत पाण्यातल्या ट्रायक्लोचा आकडा उतरला, साहेबांनी पेढे वाटले आणि बिल वाचवायला पंप बंद केला. पावसाळा संपेस्तोवर आकडा पुन्हा होता तिथेच.

ट्रायक्लो पाण्याच्या जवळपास दीडपट जड. तेलासारखं तरंगत नाही, तळ गाठतं. इकडे काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली फुटका बेसाल्ट. त्या भेगांत ते बसतं अन् थोडं थोडं विरघळत राहतं. तुम्ही उपसता ते नुसतं पाणी. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याला मर्यादा लिटरमागे 5 मायक्रोग्रॅम. हिशेब केला तर एक लिटर ट्रायक्लो 29 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेला नेऊन ठेवतं.

म्हणून मी म्हणत होतो, शोषखड्डा खणून काढा, टाकीखालचा कोबा फोडा. तर म्हणे, "लाइन बंद राहील ना बाप्पा!"

सॅम्पलची तर गंमतच. पोरगा ओव्हरहेड टाकीच्या नळाखाली प्लास्टिकची बाटली धरून उभा! टाकीत धारेनं पडतानाच पाण्यातलं बरंच ट्रायक्लो हवेत उडून जातं, मग रिपोर्ट चांगला येणारच. शेवटी मीच बेलर, म्हणजे दोरीला बांधलेली पाणी काढायची नळी, बोअरच्या तळापर्यंत सोडला, 40 मिलीची काचेची बाटली काठोकाठ भरली, उलटी करून बुडबुडा नाही ते बघितलं. रिपोर्ट आल्यावर साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

पंप फालतू आहे असं नाही हं. घाण शेजारच्या विहिरींकडे सरकू नये म्हणून तो चालूच ठेवा. परमँगनेट, लोखंडाचा चुरा, जिवाणू सोडणं हे ट्रायक्लो जमिनीतच तोडायचे उपायही चालतात, पण जागा बघून. जिवाणूंचं काम अर्धवट राहिलं तर व्हिनाइल क्लोराइड उरतं, ते आणखी वाईट. नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था नागपुरातच आहे, तिथे विचारा. पण त्याआधी कोबा फोडायची परवानगी साहेबांकडून लेखी घ्या. आमच्याकडे सगळं तोंडी होतं.