सह्याद्रीत मुक्कामी ट्रेकला चहा-कॉफीसाठी छोटं, सुटसुटीत सामान कसं जमवावं?

तुमचा प्रश्न दोन-तीन जणांच्या एका मुक्कामाच्या ट्रेकचा आहे, तेवढ्यापुरतंच सांगतो. मी अनेक वर्षं एकच नियम पाळतोय: जे पातेल्यात मावत नाही ते घरी राहतं. म्हणून खरेदीला आधी स्टोव्ह बघू नका, पातेलं बघा.

झाकण असलेलं, दीड लिटरचं उभट स्टीलचं पातेलं घ्या आणि दुकानातच आतली रुंदी मोजा. ट्रेकिंगच्या दुकानात २३० ग्रॅम गॅसचा आट्यांचा बसका सिलिंडर मिळतो. तो साधारण ११ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणून पातेलं आतून १२ तरी हवं. तळाशी सिलिंडर, त्यावर मुठीत मावणारा घडीचा बर्नर, मधल्या फटींत लायटर, छोटी गाळणी आणि पुड्या. वाजू नये म्हणून पंच्याचा तुकडा कोंबायचा, तोच पुसायला होतो. सांडशी मात्र यात बसत नाही, ती सॅकच्या बाजूच्या खिशात. लायटरवर विसंबू नका, प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत काडेपेटीही ठेवा.

वारा नसेल तर लिटरभर पाणी उकळायला १५ ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, म्हणजे एक सिलिंडर दोन-तीन ट्रेक सहज निघतो. नव्या सिलिंडरचं वजन घरच्या काट्यावर करून बुडाला मार्करने लिहा. पुढच्या वेळी पुन्हा वजन केलं की किती उरलाय ते नेमकं कळतं. हिवाळ्यात पहाटे ज्योत मलूल होते, कारण ब्युटेन शून्याच्या जवळपास वायू व्हायलाच तयार नसतो आणि जळताना सिलिंडर आणखी गार पडतो. रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपलात तर सकाळी अडत नाही.

खरी अडचण वाऱ्याची. नाणेघाटाच्या वरच्या पठारावर एकदा आमचं पाणी वीस मिनिटं नुसतं कोमट राहिलं. वैतागून मी जाड फॉईल बर्नरभोवती चारी बाजूंनी गुंडाळली. पाणी लगेच उकळलं, पण सिलिंडरला हात लावला तर चटका बसला. कोंडलेल्या उष्णतेने आतला दाब वाढतो आणि सिलिंडर फुटू शकतो. तेव्हापासून आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूने, तोही कातळाचा किंवा सॅकचा. सॅक ज्योतीपासून हातभर लांब. तंबूत तर बर्नर कधीच पेटवू नका. बाहेर पाऊस असला तरी नाही. कोंदट जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

आता दूध. पिशवीचं दूध फुटतं, सांडतं, नासतं. दूध पावडरच न्या. चार कपांना सुमारे ४० ग्रॅम पुरते. ती उकळत्या चहात टाकली की गुठळ्या होतात, म्हणून आधी कपात थोड्या गार पाण्यात कालवा आणि शेवटी ओता. आलं घरीच किसून साखरेत कालवून डबीत भरा, एका रात्रीत काही होत नाही. गवती चहाची दोन पाती दुमडून टाकली तर फारच छान. गूळ आवडत असेल तर गॅस बंद केल्यावर घाला, उकळताना घातला तर दूध फाटायची भीती असते. कॉफीसाठी इन्स्टंटच्या पुड्या पुरे.

एक गोष्ट जायच्या आधी ठरवा: चूल किंवा बर्नर तिथे चालतो का? अभयारण्यात आग पेटवायला बंदी आहे, संरक्षित स्मारकातही स्वयंपाकाला मनाई असते. डिसेंबरनंतर गवत वाळतं, तेव्हा एक ठिणगी अख्खा डोंगर जाळते. शिवाय धुराने आग्या मोहोळ उठलं तर कड्यावर पळायला जागा नसते. ट्रेनने जाणार असाल तर गॅसचा सिलिंडर नेताच येत नाही, रेल्वे कायद्याने तो गुन्हा आहे.

अशा वेळी मी लिटरचा थर्मास नेतो. आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं, ते ओतून द्यायचं आणि पुन्हा उकळतं पाणी काठोकाठ भरायचं. तयार दुधाचा चहा नाही, नुसतं पाणी. चहाला तासाभरात शिळकट वास येतो. वर पोचल्यावर डिप चहा किंवा कॉफी, ज्याला जे हवं ते. कळसूबाई किंवा हरिश्चंद्रगडावर तर गावकऱ्यांच्या टपऱ्या असतात. तिथे सामान न्यायचंच कशाला? त्यांच्याकडचा चहा घ्या, चार पैसे त्यांना मिळू द्या.

पातेलं गडावरच्या पाण्याच्या टाक्यात बुडवून धुऊ नका, पुढचा माणूस तेच पाणी पिणार असतो. बाटलीतल्या पाण्याने लांब जाऊन विसळा आणि चोथा पिशवीत भरून खाली आणा. मी तो घरी गुलाबाला घालतो.