हार फाइल: सुरुवातीला एवढंच सांभाळ

भाऊ, गावात लाइन गेली की नेटही जातं अन् चांगल्या टेस्ट उगाच लाल होतात. सर्व्हरची उत्तरं एकदा रेकॉर्ड करून टेस्टमध्ये तीच वापरायची, हा तुझा विचार बरोबर आहे. ती उत्तरं जिथे साठतात ती हार (HAR) फाइल. प्लेराइट या ब्राउझर-टेस्टच्या साधनापासूनच सुरू कर.

नेट असताना ‘राउट फ्रॉम हार’ (routeFromHAR) या फंक्शनला ‘अपडेट: ट्रू’ देऊन टेस्ट एकदा चालव. ही ओळ पान उघडायच्या आधी हवी. फाइल लिहिली जाते ती कॉन्टेक्स्ट (टेस्टचं ब्राउझर सत्र) बंद झाल्यावर, तेव्हा क्लोज विसरू नको.

नवखे इथे फसतात:

- रेकॉर्डिंग झाल्यावर ‘अपडेट: ट्रू’ काढायचं राहून जातं. टेस्ट खऱ्या सर्व्हरवर जाते, आपल्याला वाटतं रिप्ले चाललाय, म्हणजे फाइलमधली उत्तरं येतायत. वायफाय बंद करून तपास.
- जुळणी काटेकोर असते: यूआरएल, मेथड, पोस्ट असेल तर मजकूरही. कापसाच्या भावाच्या यूआरएलमध्ये आजची तारीख असेल, तर उद्या ती जुळणार नाही आणि रिक्वेस्ट सरळ अबॉर्ट (रद्द) होईल. टेस्टमध्ये पानाचं घड्याळ एका तारखेवर थांबव.
- सगळंच रेकॉर्ड करतात. फोटो-फॉन्ट कशाला? यूआरएल फिल्टर लावून फक्त एपीआय (डेटाच्या रिक्वेस्ट) घे.
- फाइलमध्ये कुकी, टोकन अशा लॉगिनच्या खुणा येतात. टेस्टचं वेगळं खातं वापर. खऱ्या लॉगिनची फाइल गिटमध्ये नकोच.

सर्व्हिस वर्कर (पानाच्या रिक्वेस्ट मधेच स्वतः हाताळणारी स्क्रिप्ट) असेल तर तो ब्लॉक कर. वेबसॉकेटचं (सर्व्हरशी सतत चालू राहणारं कनेक्शन) नंतर पाहू.