पहिल्यांदा कोरल (प्रवाळ) बघायला जातोयस ना, मग हे वाच की भावा

बेळगावातनं आंबोली घाट उतरून मालवण गाठ नाहीतर मुरुडेश्वरहून बोटीनं नेत्राणी बेटाला जा, पण पावसाळ्यात नको, ऑक्टोबर ते मे मध्येच बघ.

पहिलं लक्षात ठेव, कोरल म्हणजे दगड नव्हे बाबा, तो जीव हाय. पॉलिप म्हणजे बारीक बारीक प्राणी, ते एकमेकांना चिकटून चुन्याचं घर बांधतात, त्यांच्या अंगात शेवाळ राहतंय आणि ते उन्हावर अन्न करून त्यांना देतंय. म्हणून त्यावर पाय ठेवू नकोस, फिन्सबी (पोहताना पायात घालायचे पंखे) लागू देऊ नकोस. समुद्राच्या तळाचा 1 टक्क्याहून कमी भाग कोरलचा, पण समुद्रातल्या जवळजवळ 25 टक्के जाती कधी ना कधी त्याच्या आसऱ्याला येतात, बघ की केवढं मोठं गाव ते!

नवीन माणूस नुसता मोठ्या माशामागं पळतोय, तसं करू नको. एकाच जागी 10 मिनिटं शांत तरंग. मग दिसतंय सगळं, क्लीनर रास नावाचा बारका मासा मोठ्या माशाच्या तोंडात शिरून किडे खातोय आणि तो मासा गप उभा, पॅरटफिश कोरल कुरतडतोय आणि त्याच्या विष्ठेतनं पांढरी वाळू पडतीय, कपारीत मोरे ईल (सापासारखा लांब मासा) तोंड उघडझाप करतोय (घाबरू नको, तो श्वास घेतोय, पण बोट घालू नको). समुद्रफुलात (सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा प्राणी) क्लाउनफिश दिसला तर थांबच, त्यात सगळ्यात मोठी ती मादी असतीय आणि ती मेली की तिचा नर मादी होतोय. मला हे अजून भारी वाटतंय.

लायनफिशच्या काट्यात विष असतंय, लांबूनच बघ. शंख, कोरलचा तुकडा काही उचलून आणू नकोस.